औषधाच्या दुकानात तरुणींना संकोच न करता जाता यावं म्हणून: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

दुकान पाच मिनिटांच्या अंतरावर आहे, हवी असलेली गर्भनिरोधक गोळी किंवा चाचणीचं किट कपाटात आहे, पैसेही जवळ आहेत, आणि तरी मुलगी डोकेदुखीची गोळी घेऊन परत जाते. या कामात नव्याने येणाऱ्यांना वाटतं, माल दुकानात पोचला की झालं. माल पोचवणं त्यातल्या त्यात सोपं असतं. खरी अडचण येते ती काउंटरवरच्या अर्ध्या मिनिटात. काय हवंय ते मोठ्याने सांगायचं, मागचे ऐकणार, दुकानदार मान वर करून बघणार, वर ‘कुणासाठी?’ असंही विचारणार. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या अर्ध्या मिनिटासाठीच आहेत.

मी हे काम दुकानांना सोबत घेऊन केलं आहे. तुम्ही संस्थेकडून येत असाल, महिला गटाकडून किंवा स्वतः दुकान चालवत असाल, तरी क्रम हाच ठेवा. नवी माणसं जिथे हमखास अडकतात तिथे मी जास्त लिहिलं आहे, बाकीचं थोडक्यात उरकलं आहे.

१. आधी कायदा आणि परवाना

कोणती वस्तू कोण विकू शकतो याचे नियम देशागणिक वेगळे असतात आणि ते बदलत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली स्वतःची काळजी स्वतः घेण्याबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळाव्यात अशी शिफारस आहे. ब्रिटनने 2021 मध्ये डेसोजेस्ट्रेलची (एकाच हार्मोनची, रोज घ्यायची गर्भनिरोधक) गोळी फार्मासिस्टच्या सल्ल्याने, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायला परवानगी दिली. अमेरिकेने 2023 मध्ये नॉर्जेस्ट्रेलची, तशीच एका हार्मोनची गोळी चिठ्ठीशिवाय विकायला मान्यता दिली. अशा बातम्या वाचून आपल्याकडेही चालत असेल असं गृहीत धरू नका. औषध नियंत्रण खात्याकडून लेखी माहिती घ्या आणि तीन याद्या करा: कुठल्याही दुकानात चालणाऱ्या वस्तू, फक्त परवानाधारक औषध दुकानात चालणाऱ्या, आणि चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या.

गर्भपाताच्या गोळ्या या योजनेत घेऊ नका. त्यांचे कायदे वेगळे आहेत, देखरेखही वेगळी लागते. दुकानाने फक्त योग्य केंद्राचा पत्ता द्यावा.

वयाचा प्रश्न टाळून पुढे जाऊ नका. अल्पवयीन मुलगी आली तर दुकानदाराने काय द्यायचं, काय कळवणं बंधनकारक आहे आणि कुणाकडे पाठवायचं, हे वकिलाला विचारून आधीच कागदावर उतरवा. हा कागद नसेल तर घाबरलेला दुकानदार पंचविशीतल्या बाईलाही परत पाठवतो.

२. मुलींना विचारा, पण आडून

बैठक बोलावून ‘तुम्हाला गर्भनिरोधकं घ्यायला काय अडचण येते?’ असं विचारलंत तर सगळ्या गप्प बसतील. प्रश्न तिसऱ्या माणसाबद्दल विचारा. ‘एखाद्या मैत्रिणीला तातडीची गोळी लागली, तर ती कुठे जाईल? किती वाजता? सोबत कोण असेल? दुकानदार काय म्हणेल?’ मग मुली धडाधड बोलतात आणि दुकानदाराची नक्कलही करून दाखवतात.

यातून एक गोष्ट बहुतेक ठिकाणी पुढे येते. घराजवळचं दुकान मुलींना नकोच असतं. तिथला माणूस वडिलांना ओळखतो. त्या दोन वस्त्या ओलांडून अशा ठिकाणी जातात जिथे त्यांना कुणी ओळखत नाही, नाहीतर मित्राला पाठवतात आणि तो चुकीची वस्तू घेऊन येतो. म्हणून नकाशावर ‘सर्वांत जवळचं दुकान’ शोधण्यात वेळ घालवू नका. बस थांब्याजवळचं, कॉलेजच्या वाटेवरचं, जिथे अनोळखी माणसांची सतत ये-जा असते असं दुकान शोधा.

३. दुकान निवडताना

सुरुवात मोजक्या दुकानांपासून करा. उत्साहाच्या भरात सगळ्या बाजारपेठेशी बोलणी करणारे पुढे एकाही दुकानाकडे पुन्हा फिरकत नाहीत, हे मी बरेचदा पाहिलं आहे.

मालक काय म्हणतो यापेक्षा संध्याकाळी काउंटरवर कोण उभं असतं ते बघा. सकाळी मालक तुमच्याशी गोड बोलतो, आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी त्याचा भाचा उभा असतो, ज्याला तुमच्या योजनेचा पत्ताही नसतो. बाई काउंटरवर असली की मुलींना बरं वाटतं हे खरं, पण तोही नियम नाही. उपदेश करणाऱ्या बाईपेक्षा मुकाट्याने वस्तू देणारा पुरुष त्यांना परवडतो. दुकानासमोर दिवसभर टोळकं बसत असेल तर ते दुकान सोडून द्या, बाकी सगळं चांगलं असलं तरी.

बोलणी करायला जाताना हे सोबत ठेवा:

• दुकानाच्या परवान्याची आणि फार्मासिस्टच्या नोंदणीची प्रत (त्यांच्याकडून घ्यायची)
• कायद्याच्या तीन याद्या आणि अल्पवयीन मुलींबाबतचा कागद
• पुरवठा, किंमत, मुदत संपलेला माल परत घेणं आणि गोपनीयता यांबद्दल एक पानी लेखी करार
• प्रत्येक वस्तूचं साध्या भाषेतलं, चित्रांचं माहितीपत्रक
• जवळच्या दवाखान्यांची, चाचणी केंद्रांची आणि हेल्पलाइनची, स्वतः फोन करून खात्री केलेली यादी
• तापमापक. मालाची खोली किती तापते ते बघायला तो लागतोच

४. काय ठेवायचं आणि त्याबद्दल काय माहीत हवं

यादी लहान ठेवा, पण त्यातली कुठलीही वस्तू संपू देऊ नका. धीर करून आलेल्या मुलीला ‘संपलंय, उद्या या’ म्हटलं तर ती उद्या येत नाही.

कंडोम. गर्भधारणा आणि लैंगिक संसर्ग या दोन्हींपासून संरक्षण देणारी यादीतली ही एकच वस्तू. लॅटेक्सच्या कंडोमसोबत तेल, व्हॅसलीन किंवा तेलकट क्रीम वापरलं तर तो कमकुवत होऊन फाटू शकतो. वंगण हवं असेल तर पाण्याचा किंवा सिलिकॉनचा आधार असलेलं द्यावं. खोका उन्हात येणाऱ्या काचेत मांडून ठेवू नका.

तातडीची गर्भनिरोधक गोळी. सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याबद्दल. बहुतेक ठिकाणी मिळते ती लेव्होनॉर्जेस्ट्रेल, 1.5 मिलिग्रॅमची एक मात्रा. ती मुख्यतः बीजांड बाहेर पडणं लांबवते. गर्भ आधीच राहिला असेल तर ती काहीच करत नाही, गर्भपातही करत नाही. अनेक दुकानदार हिला गर्भपाताची गोळी समजतात आणि म्हणून द्यायला कचरतात. प्रशिक्षणात पहिला तासभर यावरच गेला तरी चालेल. पाकिटावर सहसा 72 तास लिहिलेले असतात. 120 तासांपर्यंत थोडा उपयोग होऊ शकतो, पण प्रत्येक तासागणिक तो घटतो, म्हणून मुलीला उद्यावर ढकलायचं नाही. युलिप्रिस्टल 30 मिलिग्रॅम मिळत असेल तर ती 120 तासांपर्यंत अधिक भरवशाची, मात्र ती घेतल्यावर हार्मोनची रोजची गोळी सुरू करायला पाच दिवस थांबावं लागतं. लेव्होनॉर्जेस्ट्रेल घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर मात्रा पुन्हा घ्यावी लागते. पुढची पाळी थोडी मागे-पुढे होऊ शकते. आठवड्याहून जास्त लांबली तर चाचणी करायची. आणि ही गोळी लैंगिक संसर्गापासून वाचवत नाही.

रोजच्या गोळ्या. नियम परवानगी देत असतील तरच. दोन हार्मोनची गोळी देण्याआधी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत: रक्तदाब वाढलेला असतो का, पूर्वी रक्ताची गुठळी झाली होती का, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांसमोर चमक येते का, वय 35 च्या पुढे असून धूम्रपान करते का, बाळंतपणाला सहा आठवडे झाले का. यातल्या एकाही प्रश्नाच्या उत्तराने शंका आली तर ही गोळी न देता दवाखान्यात पाठवायचं. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि फेफऱ्यावरची काही औषधं गोळीचा परिणाम कमी करतात, तेही विचारायचं. हे प्रश्न कागदावर छापून मुलीच्या हातात द्या, तिने स्वतः वाचून खूण करावी. गर्दीत मोठ्याने विचारले की ती ‘नाही, नाही’ म्हणून मोकळी होते.

गर्भधारणा चाचणी. पाळी चुकल्यानंतर केली तर निकाल भरवशाचा. पाळीच अनियमित असेल तर शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर 21 दिवसांनी. पट्टी पत्रकात दिलेल्या वेळेतच वाचायची. तासाभराने दिसलेली पुसट रेघ बघून घाबरलेल्या मुली परत येतात, हे दुकानदाराला सांगून ठेवा.

एचआयव्हीची स्व-चाचणी. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 पासून हिची शिफारस केली आहे. निकाल ‘आहे’ असा आला तरी ते निदान नसतं. केंद्रात जाऊन पुन्हा तपासणी लागते. ‘नाही’ आला पण संसर्गाचा धोका गेल्या तीन महिन्यांतला असेल, तर नंतर पुन्हा चाचणी करायची. किट विकताना केंद्राचा पत्ता पाकिटातच घालून ठेवा.

सॅनिटरी पॅड आणि मेन्स्ट्रुअल कप यांच्यामुळे दुकानात यायला मुलींना साधं, कुणालाही सांगता येईल असं निमित्त मिळतं. म्हणून पॅडचा साठा कधीच कमी पडू देऊ नका. बाकीच्या वस्तू त्याच फेरीत घेतल्या जातात.

५. काउंटर बदला

संध्याकाळी एखाद्या दुकानात अर्धा तास नुसते बसून बघा. एक मुलगी येते, टूथब्रश निवडत राहते. पुढचा माणूस गेला की एक पाऊल सरकते, तेवढ्यात दुसरा येतो, की पुन्हा टूथब्रशकडे. तिची नजर काउंटरच्या मागच्या कुलूपबंद काचेवर असते. शेवटी ती टूथब्रशचे पैसे देते आणि निघते. दुकानदाराच्या हिशेबात ती टूथब्रशची गिऱ्हाईक म्हणून नोंदली जाते.

हे बदलायला फार पैसे लागत नाहीत.

जे हाताने उचलून घेता येईल ते बाहेर मांडा. कंडोम, पॅड, गर्भधारणा चाचणी, सगळं पॅडच्या फळीजवळ, किंमत चिकटवून. किंमत दिसली की विचारायची एक वेळ वाचते.

जे कपाटातूनच द्यावं लागतं त्यासाठी चित्रांचं कार्ड करा. हाताएवढा कागद, लॅमिनेशन केलेला, काउंटरवर पडलेला. मुलीने बोट ठेवायचं, तोंडाने काही बोलायचं नाही. टांझानियात शिन्यांगा भागात 2019 च्या सुमारास तरुणींसाठी अशीच योजना करून बघितली होती. सदस्य-कार्डावरची चिन्हं दाखवून हवी ती वस्तू न बोलता मागता येत होती, खरेदीवर छोटी बक्षिसं होती, स्व-चाचणी किट आणि गर्भनिरोधकं मोफत होती. वीस दुकानांपैकी दहांत योजना होती, दहांत नव्हती, आणि योजनेच्या दुकानांत मुलींची ये-जा आणि किटचं वाटप दोन्ही जास्त राहिलं.

कार्ड करताना एक सापळा आहे. त्यावर फक्त ‘त्या’ वस्तू ठेवल्या तर काही दिवसांत सगळ्या परिसराला कळतं की कार्डाला हात लावणारी मुलगी कशासाठी आली आहे. म्हणून खोकल्याच्या गोळ्या, पट्टी, तापाचं औषध हेही त्याच कार्डावर घ्या आणि दुकानदाराने ते सगळ्याच गिऱ्हाइकांपुढे सरकवावं. पिशवीचंही तसंच. एरवी जी पिशवी देता तीच द्या. वेगळ्या रंगाची, खास बंद केलेली पिशवी लांबूनच चुगली करते.

बिलावर वस्तूचं नाव छापलं जातं का ते बघा. कायद्याने छापणं आवश्यक असेल तर बिल घडी घालून पिशवीत टाकावं आणि ते आत आहे एवढं हळूच सांगावं. फोनवरून पैसे भरल्यावर किंवा गुण जमा झाल्यावर येणारा मेसेज अनेकदा घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या फोनवर जातो. सदस्य योजना काढायची असेल तर फोन नंबर आणि नाव दोन्ही मागू नका. शिक्के मारायचं साधं कार्ड पुरतं, आणि त्यावर दुकानाच्या नावापलीकडे काही नको. ते आईच्या हाती लागणार आहे असं धरूनच छापा.

६. दुकानदाराची तयारी

व्याख्यानाने फारसं काही साधत नाही. दोघांना समोरासमोर उभं करा, एक गिऱ्हाईक, एक दुकानदार, आणि प्रसंग करून बघा. अनुभवी फार्मासिस्टही पहिल्या खेपेला ‘लग्न झालंय का?’ म्हणून जातात आणि मग स्वतःच हसतात.

न विचारायचे प्रश्न ठरवून टाका: लग्न झालंय का, कुणासाठी, घरी माहीत आहे का. विचारायचे प्रश्नही ठरवा: शेवटचा संबंध कधी आला, दुसरं कुठलं औषध चालू आहे का. हे वैद्यकीय कारणाने लागतात, आणि कार्डावर छापलेले असले तर आवाजही लागत नाही.

प्रशिक्षण भाच्यालाही द्या. संध्याकाळचा दुकानदार तोच आहे. टांझानियाने 2003 मध्ये रुवुमा भागात छोट्या औषध दुकानांना मान्यता देण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यात विकणाऱ्या माणसाचं प्रशिक्षण ही मान्यतेची अटच होती. तुम्हाला अट घालायचा अधिकार नसेल, तरी करारात तेवढं वाक्य घालता येतं.

७. पैशांचं गणित

दुकानदार समाजसेवक नाही आणि त्याने व्हावं अशी अपेक्षाही ठेवू नका. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: थोडं मार्जिन, वाढलेली गिऱ्हाइकं आणि पडून राहिलेल्या मालाचा बोजा नको. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. मुदत संपत आलेला माल परत घ्यायची हमी दिलीत तर तो पहिल्यांदाच पुरेसा माल ठेवायला तयार होतो.

सगळंच मोफत वाटायचा मोह होतो. मोफत वस्तूला कपाटात मागची जागा मिळते, कारण तिच्यावर दुकानदाराला काही सुटत नाही. मोफत द्यायचंच असेल तर प्रत्येक वाटपामागे त्याला ठरलेली रक्कम द्या, किंवा त्या निमित्ताने आलेली मुलगी दुसरं काही घेते हे त्याच्याच वहीतून त्याला दाखवा. आणि निधी संपल्यावर किंमत काय असेल ते पहिल्या दिवशीच ठरवा.

८. दुकानाच्या पुढे

काही गोष्टी दुकानात सुटणाऱ्या नसतात आणि दुकानदाराने त्या ओळखल्या पाहिजेत. पाळी चुकली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखतंय, किंवा चक्कर येतेय: गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेत असू शकतो, तडक रुग्णालयात. तासाला एक पॅड भिजतंय आणि ते थांबत नाही: तेच. ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव: त्याच दिवशी डॉक्टर. बळजबरी झाली असेल तर एचआयव्ही प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, तेव्हा दुकानात चौकशी करत बसायचं नाही. तातडीची गोळी द्यायची आणि केंद्राशी फोन जोडून द्यायचा.

पाठवायच्या ठिकाणी आधी स्वतः जाऊन या. वेळ काय, दार कुठलं, पहिल्या टेबलावर कोण बसतं, किती पैसे लागतात. ‘सरकारी दवाखान्यात जा’ एवढं सांगणं म्हणजे न पाठवण्यासारखंच.

९. तपासणी

विक्रीचे आकडे दुकानदार देतो, पण त्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब वहीत येत नाही. त्यासाठी अनोळखी गिऱ्हाईक पाठवा: अठरा वर्षांपुढच्या, तयारी करून घेतलेल्या तरुणी, ज्या ठरलेली वस्तू मागतात आणि बाहेर येऊन लगेच नोंद करतात. काय विचारलं गेलं, कुणी ऐकलं, माहिती बरोबर होती का, किती वेळ लागला. असे कुणी कधीतरी येतील याची दुकानदाराकडून आधीच संमती घ्या. कधी ते सांगू नका. निष्कर्ष त्याला एकट्याला दाखवा, चारचौघांत नाही.

नोंदवहीत मुलींची नावं नकोत. तारीख, वस्तू, अंदाजे वयोगट, बस. जी नोंद ठेवलीच नाही ती कुणाच्या हाती लागत नाही.

महिन्यातून एकदा कपाट स्वतः बघा: काय संपलंय, मुदत कशाची जवळ आली आहे, तापमापक 30 अंशांच्या वर गेलाय का, कार्ड काउंटरवर आहे की खणात गेलंय. खणात गेलं असेल तर काउंटरवर नवा माणूस आला आहे असं समजा, आणि सहावी पायरी त्याच्यासोबत पुन्हा करा.